मागच्या खोलीचा कब्जा

हार्डवेअरच्या दुकानात येणाऱ्या माणसाला आपल्याला काय हवंय ते पक्कं ठाऊक असतं, फक्त त्याचं नाव ठाऊक नसतं. किराणा दुकानात कुणी "ते पिवळं, डाळीसारखं असतं ते द्या" असं म्हणत नाही. आमच्याकडे मात्र माणूस काउंटरसमोर उभा राहतो, दोन्ही हात हवेत फिरवतो आणि म्हणतो, "ते असतं बघा, असं सरकतं आणि मग खट् करून बसतं." पुढचं सगळं आमच्यावर.

बंगळूरमधल्या शिवाजीनगरच्या बाजारात, बस स्टँडकडून आत शिरलं की एका गल्लीत आमचं दुकान होतं. खिळे, स्क्रू, कड्या, कोयंडे, बिजागऱ्या, करवतीची पाती, पॉलिशपेपर. मी निपाणीची. लग्न होऊन बंगळूरला आले आणि काही वर्षांतच काउंटरवर बसले, कारण आमच्या यजमानांना माल आणायला आवडायचं आणि गिऱ्हाइकाशी बोलायला अजिबात आवडायचं नाही. तेव्हा बोलणं माझ्याकडे आलं. आणि तेही किती भाषांमधलं! एकच वस्तू, पण आमच्या निपाणीत ती कडी, कन्नड गिऱ्हाइकाला चिलक, तमिळ मेस्त्रीला आणखी काही, आणि कॅन्टोन्मेंटच्या जुन्या बंगल्यातून येणाऱ्या बाईंना टॉवर बोल्ट. शिवाजीनगरचे बरेच सुतार उर्दू बोलणारे. त्यांच्यातल्या एकानं पहिल्यांदा "अक्का, दो जोडी कब्जा दो" म्हटलं तेव्हा मी घाबरून यजमानांना हाक मारली होती. त्यांनी न बोलता फळीवरून दोन जोड्या बिजागऱ्या काढून दिल्या. बिजागरीला ते लोक कब्जा म्हणतात, हे मी त्या दिवशी शिकले.

गिऱ्हाइकं तरी किती तऱ्हेची! एक गृहस्थ बिजागरीचा नमुना म्हणून दाराचा तुकडाच करवतीनं कापून घेऊन आले होते. बिजागरी त्या तुकड्याला तशीच लटकत होती. "आता चूक व्हायला नको," ते म्हणाले. मी तशीच बिजागरी काढून दिली. ती हातात घेऊन त्यांनी त्या तुकड्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पण ही आता लावायची कुठं?"

पण मला सांगायचंय ते अविनाशबद्दल. नव्वद सालानंतरची ती मधली वर्षं. पुण्या-मुंबईची, नागपूरची मुलं कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांसाठी बंगळूरला येऊ लागली होती. अविनाश नागपूरचा. उंच, चष्मा, आणि खांद्याला कायम एक पिशवी. रविवारी सकाळी दुकान उघडायला तो माझ्याआधी हजर.

"काकू, कब्जा आहे का? मागच्या खोलीचा."

मराठी मुलगा बिजागरीला कब्जा म्हणतोय याचं मला नवल वाटलं. "अरे, बिजागरी म्हण की."

"आमच्याकडे कब्जाच म्हणतात, काकू."

"सुतार कोण आहे? त्याला पाठव, म्हणजे माप चुकणार नाही."

"सुतार नाही. मी स्वतःच करून राहिलो ना."

तेव्हा हे असं स्वतः करणारे लोक फार नव्हते. हाक मारली की सुतार यायचा. मुलगा कंजूष असेल असं मला वाटलं, पण घेताना तो पितळी घ्यायचा. मग वाटलं, नवीन घर घेतलं असेल. तर तेही नाही. आमच्याच भागात मागच्या गल्लीत तुळसक्काचं जुनं कौलारू घर होतं, त्याच्या मागच्या दोन खोल्यांत तो भाड्यानं राहत होता. भाड्याच्या घराला पितळी बिजागऱ्या! मी कोड्यातच पडले. पण दुकानदारानं गिऱ्हाइकाला 'का' विचारायचं नसतं, 'किती इंची' एवढंच विचारायचं.

जुन्या घरात काम करणं म्हणजे काय, ते इथं सांगायला हवं. जुन्या घरात काहीही सरळ नसतं. भिंत एकीकडे कललेली, जमीन दुसरीकडे, आणि दाराची चौकट त्या दोघींच्या मधे कशीबशी तोल सांभाळून उभी. अविनाश नवीन फळी गुण्यात कापायचा, अगदी काटकोनात, आणि ती लावली की वाकडी दिसायची. "काकू, माझं चुकतंय की घराचं?" तो विचारायचा. मी म्हणायचे, "घराचं चुकत नसतं. ते आधी आलंय." त्यानं पावसाळ्यात घासणारं दार रंध्यानं तास तास तासलं. लाकूड पावसात फुगतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. उन्हाळ्यात त्या दाराला एवढी फट पडली की बाहेरचं मांजर त्यातून पंजा घालायचं. हे मला सांगताना तो इतका खूश होता की मला पुन्हा कळेना, हा काम बिघडल्याचं सांगतोय की जमल्याचं.

तुळसक्का एकटी राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्या बंगळूरचं. घरातली भाषा मराठी, पण तिला कन्नडचं वळण. दुकानात ती कधी आलेली मला आठवत नाही, आणि त्या उन्हाळ्यात ती एकदम लागोपाठ येऊ लागली. एखादा खिळ्यांचा पुडा मागायची, तो हातात घेऊन उभी राहायची.

"शांता, आमचा तो मुलगा इथं येतो ना ग?"

"येतो की. दर रविवारी."

"काय काय नेतो?"

मला वाटलं, मुलगा चांगला माल लावतो की हलका, याची तिला चौकशी करायचीय. मी मनापासून कौतुक केलं. "तुळसक्का, तू नशीबवान. असा भाडेकरू मिळत नाही. अगदी स्वतःचं घर असल्यासारखं करतो तो."

तुळसक्काचा चेहरा पडला. खिळ्यांचा पुडा काउंटरवर तसाच ठेवून ती निघून गेली. आपण काय वाईट बोललो, ते मला कळेना. यजमानांना विचारलं तर ते म्हणाले, "कमी बोलत जा."

मग एके दिवशी दुपारी प्रल्हाद आला. प्रल्हाद म्हणजे तुळसक्काचा भाचा, तिच्या भावाचा मुलगा. हेब्बाळकडे एका खोलीत बायकोबरोबर राहायचा, गोदामात सुपरवायझर होता. त्याला मी एखाददुसऱ्या लग्नात पाहिलेलं. त्यानं इकडेतिकडे बघितलं, दुकानात कुणी नाही याची खात्री केली आणि वाकून हळूच म्हणाला, "अक्का, वेळ आली तर तुम्ही साक्ष द्याल का?"

"कसली?"

"तो नागपूरचा मुलगा आत्याच्या घरात कब्जा घ्यायला लागलाय त्याची."

"घेतोच की," मी म्हटलं. "पावसाळ्यापासून घेतोय."

प्रल्हाद आणखी जवळ आला. "तुमच्यासमोर?"

"इथंच, या काउंटरवर. परवा मधल्या दाराचा घेतला. त्याच्या आधी न्हाणीघराचा."

"न्हाणीघराचासुद्धा?"

"तो लहान होता. मधल्या दाराचा मोठा. पितळी."

"पितळी?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी फळीवरून एक बिजागरी काढली आणि त्याच्यासमोर आपटली. "हा कब्जा. हा! याला कब्जा म्हणतात त्यांच्याकडे." आणि मला हसू आवरेना. आत माल लावत असलेले आमचे यजमानही हसले, जे वर्षातून एकदा घडायचं.

प्रल्हाद हसला नाही. त्यानं बिजागरी उघडली, मिटली, काउंटरवर ठेवली. "हे तुमच्या दुकानातलं झालं, अक्का. आत्या ऐकली ते वेगळं आहे. आणि मी हेब्बाळची खोली सोडून बसलोय."

संध्याकाळी दुकान यजमानांवर टाकून मी तुळसक्काकडे गेले. तिनं जे सांगितलं ते असं. अविनाशच्या खोल्या आणि तिच्या खोल्या यांच्यामधे एक दार होतं, वर्षानुवर्षं गच्च बसलेलं, बिजागऱ्या गंजून एकजीव झालेल्या. एक दिवस अविनाश तिला म्हणाला, "मावशी, मधल्या दाराचा कब्जा मी घेतो. तुम्हाला काही करावं लागणार नाही." त्या काळात आमच्या गल्लीत दुसरा विषयच नव्हता. अमक्याचा भाडेकरू उठत नाही, तमक्यानं घरच आपलं म्हणून सांगितलं. हा तर तोंडावर सांगतोय! घाबरून ती एवढंच म्हणाली, "सरी, बघू." सरी म्हणजे कन्नडमधलं 'बरं'. आणि पुढच्या रविवारी ती देवळातून परत आली तर ते दार सताड उघडं, आणि हा तिच्या बाजूला उभा, हातात स्क्रू ड्रायव्हर. "बघा मावशी, आता बोटानं ढकललं तरी उघडतं!"

मी पदराखालून बिजागरी काढून तिच्या हातात दिली आणि सगळा उलगडा केला. तिनं ती उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"ह्यालाच?"

"ह्यालाच."

"आणि मग त्या दाराला बोल्ट कशाला लावलाय?"

"कुठल्या बाजूनं लावलाय, ते बघितलंस का?"

ती उठली. दारापाशी गेली. मला माहीत होतं, कारण ती कडी देताना मीच त्याला बाजू विचारली होती. दारापाशी उभी राहून, पाठमोरीच ती म्हणाली, "माझ्या बाजूनं आहे ग."

ती परत येऊन बसली, पण तिचं तोंड उजळलं नव्हतं. "आता काय करायचं? मी त्याला खोली सोड म्हणून सांगितलो. प्रल्हादला ये म्हणून सांगितलो. तो बायकोला घेऊन येतोय रविवारी."

"अविनाश काय म्हणाला?"

"ठीक आहे मावशी, म्हणाला. एवढंच. का म्हणून विचारला नाही. का विचारला नाही ग तो?"

ते मलाही कळलं नाही. मी मेहनत केलेलं घर माझ्या हातून कुणी काढून घेतलं असतं तर मी गल्ली डोक्यावर घेतली असती.

रविवारी मला राहवेना. दुकान उघडायच्या आधी मी तिकडे गेले. अविनाशची दोन खोकी आणि गादीची वळकटी पडवीत ठेवलेली. आत तो गुडघ्यांवर बसला होता. त्यानं लाकडाचा भुसा सरसात कालवून लगदा केला होता आणि भिंतीतली, चौकटीतली भोकं बोटानं बुजवत होता. स्वतः लावलेली फडताळं उतरवून त्यानं कोपऱ्यात उभी केली होती.

"हे काय करतोयस?"

"भोकं बुजवून राहिलो, काकू. जाताना घर होतं तसं करून द्यायचं असतं."

"कुणी सांगितलं?"

मग तो सांगू लागला. वडील पाटबंधारे खात्यात. दर दोन-तीन वर्षांनी बदली. भंडारा, गोंदिया, वर्धा, सगळीकडे सरकारी क्वार्टर. क्वार्टरच्या भिंतीत खिळा मारायचा नाही, हा वडिलांचा नियम. कॅलेंडर खिडकीच्या गजाला बांधायचं. देव एका उलट्या खोक्यावर. आणि निघायच्या दिवशी वडील हातात चुना घेऊन सगळी भोकं बुजवायचे, आपल्या आधी राहून गेलेल्यांनी मारलेल्या खिळ्यांचीसुद्धा. कुणी आपल्याला म्हणायला नको म्हणून. "इथं आलो तेव्हा पहिल्या दिवशी मावशींना विचारलं, खिळा मारला तर चालेल का. त्या सरी म्हणाल्या. काकू, एवढ्या घरांमधे मला पहिल्यांदाच कुणी हो म्हटलं होतं."

मधल्या दारात तुळसक्का उभी होती. ती कधी आली ते आम्हाला कळलं नव्हतं.

"मी सरी म्हटलो ते हो म्हणून नाही रे," ती म्हणाली. "सरी म्हणजे बघू, नंतर बघू, असं."

अविनाशनं लगद्याची वाटी खाली ठेवली. "मला वाटलं हो."

"आणि ते दार कशाला उघडलास?"

"दार होतं, मावशी. उघडत नव्हतं."

एवढ्यात बाहेर टेम्पो थांबला. प्रल्हाद आणि त्याची बायको उतरली, आणि कुणी काही बोलायच्या आत पडवीत सामानाची सरमिसळ सुरू झाली. यांची खोकी बाहेर चाललेली, त्यांची आत येणारी. टेम्पोवाल्यानं अविनाशची वळकटी प्रल्हादची समजून आत नेऊन टाकली. प्रल्हादच्या बायकोनं कोपऱ्यातलं फडताळ बघितलं आणि म्हणाली, "हे किती छान आहे, हे ठेवूया ना." प्रल्हाद तिला डोळ्यांनी गप्प करू लागला. मी दोघांच्या मधे हातात कुणाचा तरी स्टोव्ह घेऊन उभी. तो माझ्या हातात कसा आला, देव जाणे.

"प्रल्हाद," तुळसक्का मोठ्यानं म्हणाली. "तुला मी कशाला बोलावलो?"

"तुम्हाला सोबत म्हणून. लक्ष ठेवायला."

"मग मागच्या खोलीत राहून माझ्यावर कसं लक्ष ठेवशील? तू पुढं माझ्याजवळ राहा. हा मागं राहू दे."

मागच्या दोन खोल्या स्वतंत्र मिळतील म्हणून प्रल्हादनं हेब्बाळ सोडलं होतं. आता आत्याच्या देवघराशेजारी अंथरूण घालायची वेळ आली. पण 'सोबत म्हणून' हे त्यानंच म्हटलं होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी स्टोव्हकडे बघितलं.

अविनाश म्हणाला, "मावशी, मी कंपनीच्या गेस्ट हाउसमधे सांगितलंय." तुळसक्का म्हणाली, "त्यांना नाही म्हणून सांग." तो राहिला. आनंदानं राहिला की संकोचानं, हे त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती इतक्या वेळा आठवली नसती. पण त्यानंतर अविनाश दुकानात येईनासा झाला. एक रविवार, दुसरा, तिसरा. तुळसक्काच आली. "तो काय घ्यायला येत नाही का ग?"

"नाही."

"घरातपण काही करत नाही. उतरवलेली फडताळं तशीच कोपऱ्यात आहेत. सकाळी बाहेर जातो, जेवायच्या वेळेला येतो. दारातून जाताना दाराला हातसुद्धा लावत नाही." मग म्हणाली, "मी त्याला सांगितलो, बाबा, आता सरी म्हणजे हो. तो नुसता मान हलवला."

मी काय सल्ला देणार? बिजागरीचा स्क्रू सैल झाला, तर भोकात काडीपेटीच्या काड्या कोंबून तो पुन्हा घट्ट बसवता येतो, हे मी कुणालाही सांगू शकते. माणूस मनातून निसटला तर भोकात काय कोंबायचं, ते आमच्या धंद्यात शिकवत नाहीत. चूक कुणाची होती, हेही मला ठरवता येईना. घाबरलेल्या एकट्या बाईची? न विचारणाऱ्या मुलाची? की एका शब्दाची?

तोडगा काढला तो प्रल्हादनं, आणि तोही नकळत. बायकोला स्वयंपाकघरात फळी हवी होती. आपल्या घरात परक्यानं फडताळं लावावी आणि आपल्याला एक फळी लावता येऊ नये, हे त्याला डाचत असावं. त्यानं माझ्याकडून दोन ब्रॅकेटं आणि खिळे नेले. "स्क्रू ने, प्लग ने," मी सांगितलं. तो म्हणाला, "चालतं, अक्का." जुन्या घराची भिंत वरून टणक दिसते, आत भुसभुशीत माती असते. त्याच दुपारी फळी, ब्रॅकेटं, भिंतीचा एक पोपडा आणि तुळसक्काची लोणच्याची बरणी, सगळं एकदम खाली आलं.

आवाजानं अविनाश मागच्या खोलीतून आला. हे मला तुळसक्कानं नंतर सांगितलं. तो दारात उभा राहून भिंतीकडे बघत होता, प्रल्हाद लोणच्यात उभा होता. मग अविनाशला ते बघवेना. तो म्हणाला, "असं नाही हो. आधी आतली माती काढावी लागते."

"मग काढ की," प्रल्हाद चिडून म्हणाला.

पुढच्या रविवारी दोघंही दुकानात, एकमेकांकडे न बघता. एक इंचात माप सांगतोय, दुसरा सेंटिमीटरमधे. "अक्का, याला सांगा," एक म्हणतोय. "काकू, यांना सांगा," दुसरा. मी कुणालाच काही सांगितलं नाही. दोघांना दोन करवती दिल्या.

अविनाश आणखी दीड-दोन वर्षं तिथं होता, मग अमेरिकेला गेला. प्रल्हाद तिथंच राहिला. भांडला, रुसला, पण राहिला. आमचं दुकानही आता नाही. मुलांनी दुसरा मार्ग धरला आणि बिजागऱ्या आता पाकिटात मिळतात, पाकिटावर नाव छापलेलं असतं. कुणाला हात हवेत फिरवावे लागत नाहीत. सोय झाली, म्हणायला हवं. तरी त्या सगळ्यातलं एक चित्र मला फार आवडतं.

त्या दोघांनी करवती नेल्या त्याच रविवारी दुपारी मी दुकान बंद करून तुळसक्काकडे गेले होते. ती मधल्या दाराच्या उंबऱ्यावर चौकटीला टेकून बसली होती, एक पाय इकडच्या खोलीत, एक तिकडच्या. मी शेजारी बसले. परसात दोघांची कापाकापी चाललेली. फळी म्हणून सुरुवात झाली होती, पण एव्हाना त्या वस्तूला पाय आले होते, एका बाजूला पाठही आली होती, आणि दोघं तिच्याभोवती फिरत मोठमोठ्यानं वाद घालत होते.

"काय करायलेत ग ते?" तुळसक्कानं विचारलं. "बसायचं आहे का काही ठेवायचं?"

मी बराच वेळ निरखून पाहिलं. मला खरंच कळेना. "विचारू का?"

"नको," ती माझा हात दाबून हळूच म्हणाली. "विचारलीस तर थांबतील."